तांबूची तब्येत

भर पावसात बंद गाडीच्या बॉनेटला स्टेथोस्कोप लावून उभा राहिलेला माणूस तुम्ही पाहिला आहे का? मी सबंध पावसाळाभर पाहिला. नुसता पाहिला नाही, त्याच्या डोक्यावर छत्री धरून उभी राहिले. छत्री एकाच माणसापुरती होती आणि ती माझी होती, त्यामुळे भिजत होते मी.

"बोलू नको," नागोजीअण्णा हात वर करून म्हणायचे. "छाती ऐकायलोय."

मी बोललेली नसायचेच. शिंकलेली असायचे. अण्णा लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून, डोळे मिटून बॉनेटच्या डाव्या बाजूला ऐकायचे, मग उजव्या बाजूला, मग वाकून जाळीपाशी. मधूनच पत्र्यावर दोन बोटं ठेवून दुसऱ्या हातानं त्यावर टकटक करायचे. सगळं झालं की हुकूम सुटायचा.

"आता सेल्फ मार. हळू. घाबरवू नको तिला."

मी आत बसून किल्ली फिरवायचे. गाडी खर्रर्र करायची, एकदा कण्हायची आणि गप्प व्हायची.

"हं," अण्णा समाधानानं म्हणायचे. "सर्दी आहे. छातीत उतरलेली नाही अजून."

अण्णा माझे घरमालक. चामराजपेटेत त्यांचं जुनं दोन मजली घर आहे. खाली ते एकटे, वर मी एकटी. नोकरी त्यांनी जन्मभर आनेकल तालुक्यात केली, सरकारी गुरांच्या दवाखान्यात. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी गल्लीत त्यांना 'दनद डॉक्टरु' म्हणूनच ओळखतात, म्हणजे गुरांचे डॉक्टर. त्यांचं घराणं सतराव्या शतकात घोड्यावरून इकडे आलं. ही हकिकत ते अशी सांगतात, की घोडा आत्ताच मागच्या अंगणात बांधून आलेत असं वाटावं. मी पुण्याहून विमानानं आले, व्हाइटफील्डच्या एका कंपनीत नोकरीला. त्यामुळे त्यांच्या लेखी मी उपरी. माझी मराठीसुद्धा त्यांना पसंत नाही.

"मिटिंग शेड्यूल झाली, कॅब कॅन्सल केली, मॅनेजर अपसेट झाला," ते माझी नक्कल करायचे. "पोरी, तुझ्या मराठीत मराठी स्वल्पच आहे."

स्वल्प म्हणजे थोडं. ज्याच्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड, तो माणूस मला हे ऐकवणार! मी तसं म्हटलं की ते म्हणायचे, "कन्नड शेजारीण आहे. शेजारणीनं वाटीभर साखर आणली तर घरात घेतो की नाही?" 

तर ही गाडी. माझ्या मामानं नवी गाडी घेतली आणि जुनी मला दिली. "बंगळूरला तुला उपयोगी पडेल," असं म्हणाला. मामाची माया मोठी, पण गाडी मामापेक्षा हुशार होती. ऊन असेपर्यंत ती गरीब गाईसारखी चालायची. हवेत नुसता दमटपणा आला, की सकाळी हट्टाला पेटायची. सेल्फ फिरायचा, दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, इंजिन तेवढं पेटायचं नाही. आणि बंगळूरच्या पावसाचं काही सांगता येत नाही. तो जूनमध्ये येतो, ऑक्टोबरमध्ये जातो असं वाटतं, आणि मद्रासच्या बाजूला समुद्रात काही खुट्ट झालं की नोव्हेंबरात पुन्हा चार दिवस रिपरिपत बसतो.

पहिल्यांदा गाडी अडली तेव्हा मी तासभर किल्ली फिरवत होते. अण्णा व्हरांड्यातून बघत होते. शेवटी उठले, पायांत चपला सरकवल्या, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "वय काय हिचं?"

"वीस-बावीस वर्षं असेल."

"काल काय पाजलंस?"

"पेट्रोल," मी म्हटलं. दुसरं काय पाजणार?

"रोजच्याच पंपावरचं? पाणी बदललं की जनावराला बाधतं." मग त्यांनी नाक जाळीजवळ नेऊन हुंगलं. पेट्रोलचा भपकारा येत होता, कारण मी ॲक्सिलरेटर तुडवतुडव तुडवला होता. "पोटफुगी! भुकेपेक्षा जास्त घातलंयस तू. आता काही देऊ नको. स्वल्प फिरू दे वारा." त्यांनी बॉनेट उघडून ठेवलं, माझ्यासाठी कॉफी आणली, त्यांची अर्धी कॉफी बशीत गार केली, प्याले, आणि म्हणाले, "आता मार." गाडी सुरू झाली.

कोणाही शहाण्या माणसाला कळेल, की वाट पाहिल्यामुळे जास्तीचं पेट्रोल उडून गेलं, इंजिन वाळलं आणि गाडी सुरू झाली. पण अण्णांनी दरम्यान तिच्या टपावर थोपटलं होतं. श्रेय थोपटण्याला गेलं, आणि त्या दिवसापासून माझी लाल गाडी 'तांबू' झाली आणि अण्णांची पेशंट झाली. माझं मत कुणी विचारलं नाही.

"मालकाचं ऐकायचं नाही, जनावराचं ऐकायचं," हे अण्णांचं पालुपद. "मालक बडबडतो. जनावर खरं सांगतं." गाडीला काय होतंय हे मी सांगायला लागले, की ते हात वर करून मला गप्प करायचे आणि स्टेथोस्कोप कानात घालायचे.

त्यांची निदानंही ठरलेली होती. इंजिन एकदा धडधडून बंद पडलं तर सर्दी. पेट्रोलचा वास आला तर पोटफुगी. आणि काहीच कारण सापडलं नाही तर, "पान्हा चोरायलीय. दूध आहे, द्यायचं नाही. मनात काहीतरी आहे तिच्या. काल ओरडलीस का तिच्यावर?" ओरडले होते. सिल्क बोर्डच्या सिग्नलला, सगळ्या काचा बंद करून. यांना कसं कळलं, देव जाणे.

निदान तसे उपचार. संध्याकाळी आभाळ भरलं की अण्णा बॉनेटवर गोणपाटाची झूल घालायचे आणि चार कोपऱ्यांना सुतळीनं बांधायचे. एकदा तर धुपाटण्यात निखारे घालून, वर सांब्राणी टाकून, बाळंतिणीला देतात तशी धुरी द्यायला आले. बॉनेट उघडं, खाली पेट्रोलची नळी, आणि हे निखारे फुंकतायत! मी जिन्यावरून अशी किंचाळले, की समोरच्या घरातले लोक बाहेर आले. धुरी रद्द झाली. त्याऐवजी माझा हेअर ड्रायर जप्त झाला.

"तुझ्या केसांपेक्षा तिला गरज जास्त आहे," अण्णांनी माझ्या केसांकडे बघत सांगितलं.

खिडकीतून वायर सोडून ते ड्रायरनं इंजिन शेकायचे. डिस्ट्रिब्युटर नावाचं एक काळं टोपण असतं, त्यातून प्लगच्या वायरी निघतात. अण्णा त्याला 'आचळ' म्हणायचे. आचळं पुसायची, शेकायची, आणि शेकता शेकता तिच्याशी बोलायचं. मराठीतच.

"कन्नडमध्ये का नाही बोलत?" मी एकदा विचारलं.

"नंबर बघ की," अण्णा म्हणाले. "एम एच बारा. पुण्याची आहे ती. परक्या गावात येऊन आजारी पडलीय, तिला स्वतःच्या भाषेत कुणी विचारायला नको?"

खरं तर गुरांशी मराठीत बोलायची त्यांची सवय जुनी. आनेकलच्या शेतकऱ्यांना मराठीचा गंध नाही, त्यामुळे अण्णांना मोकळं रान मिळायचं. मालक शेजारी हात जोडून उभा, आणि अण्णा गाईच्या कानात सांगतायत, "मालक तुझा महामूर्ख आहे गं. शिळा भात घालून तुझा नगारा केलाय. ह्यालाच बांधायला पाहिजे दाव्याला." हे ते इतक्या गंभीर आणि सावकाश सुरात सांगायचे, की शेतकऱ्यांना तो मंत्र वाटायचा. एक गाय बरी झाल्यावर तिचा मालक आपला बैल घेऊन आला आणि म्हणाला, औषध नको डॉक्टर, नुसता मंत्र म्हणा. अण्णांनी म्हटला. बैलही बरा झाला. "त्या बैलाला काही झालंच नव्हतं," अण्णा सांगायचे, "पण मालकाला तसं सांगितलं असतं तर त्याला वाईट वाटलं असतं."

आता गंमत अशी, की तीच सवय त्यांनी माझ्याबाबतीत चालू ठेवली. मला मराठी येतं हे ते सोयीस्कर विसरायचे. मी छत्री धरून हातभर अंतरावर उभी असताना तांबूला सांगायचे, "मालकीण तुझी उपाशी निघते गं सकाळी. डबा नेते तसा परत आणते. रात्री पुडीतल्या शेवया उकळून खाते. ही तुला काय जपणार?"

"मला ऐकू येतंय, अण्णा."

"तुझ्याशी कोण बोलायलंय?"

मग आमचं भांडण जुंपायचं. शेवयांवरून, मराठीवरून, मी बॉनेट आपटते त्यावरून. तोवर आचळं वाळायची, गाडी सुरू व्हायची, आणि मी फणकाऱ्यानं निघून जायचे.

गाडीचा खरा दोष मला ठाऊक नव्हता असं नाही. गल्लीच्या टोकाला मंजुनाथचं गॅरेज आहे. त्यानं एकदा बॉनेट उघडून पाहिलं आणि लगेच सांगितलं, टोपणाला बारीक तडा गेलाय, ओल आत शिरते, करंट भलतीकडेच जातो. "कॅप चेंज माडबेकु, मेडम. वायरी पण." म्हणजे टोपण बदलायला हवं. अर्ध्या तासाचं काम. मी खूश झाले. तेवढ्यात मागून अण्णा आले.

"शस्त्रक्रिया?" त्यांनी एवढंच विचारलं.

मंजुनाथ ताडकन उभा राहिला आणि हातातला पाना त्यानं पाठीमागे लपवला. त्याच्या वडिलांची म्हैस अण्णांनी मरता मरता वाचवली होती, असं नंतर कळलं. त्याच म्हशीच्या दुधावर मंजुनाथ वाढला होता. "शेकून बरं होतंय तिथं सुरी कशाला?" अण्णा म्हणाले. मंजुनाथनं माझ्याकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, आणि बॉनेट लावून टाकलं. "डॉक्टरु हेळिद मेले मुगीतु," तो म्हणाला. डॉक्टर बोलले म्हणजे विषय संपला. नंतर मी त्याला एकटीनं गाठून पाहिलं, दुप्पट मजुरी देऊ केली. त्यानं कानांना हात लावले.

दुसऱ्या गॅरेजात न्यावी, तर कोरडी असताना गाडी तक्रारच करायची नाही, आणि ओली असताना गॅरेजपर्यंत जायची नाही.

ऑफिसात माझी पंचाईत व्हायची. सकाळच्या मिटिंगला उशीर झाला की खरं कारण सांगणार कसं? एकदा तोंडातून निघून गेलं, "घरी डॉक्टर आले होते." मॅनेजर भला माणूस. त्याला वाटलं, घरात कुणी वडीलधारी आजारी आहेत. मग तो अधूनमधून विचारायला लागला, "आता कशा आहेत त्या?" मी म्हणायचे, "सर्दी आहे अजून. दमट हवा सोसत नाही." तो मान हलवून म्हणायचा, वय झालं की असंच होतं.

पण नोव्हेंबरात मद्रासकडून पाऊस आला आणि तांबू लागोपाठ अडायला लागली. नेमक्या त्याच आठवड्यात माझ्या बढतीची मुलाखत होती, आणि तिथे मी ग्रीस लागलेल्या कुडत्यात धापा टाकत पोचले. त्या संध्याकाळी ठरवलं. व्हाइटफील्डला मेट्रो जाते आता. गाडी विकायची. ऑफिसातल्या प्रतीकला जुन्या गाड्यांचं वेड होतं. तो लखनौचा, सुटीच्या दिवशी जुनी इंजिनं उघडून बसतो. त्यानं लगेच सांगितलं, शनिवारी सकाळी येऊन बघतो. सुरू झाली तर तशीच घेऊन जातो.

मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते व्हरांड्यात अवरेकाळू सोलत होते. नोव्हेंबर लागला की सगळं बंगळूर या पावट्याच्या शेंगा सोलायला बसतं. अण्णांच्या हातातली शेंग हातातच राहिली.

"आजारी जनावर बाजारात न्यायचं नसतं," ते म्हणाले. "आधी बरी करायची. मग विकायची. हा धर्म आहे."

"मग करा बरी. शनिवारपर्यंत."

"सरी," अण्णा म्हणाले, म्हणजे बरं, आणि आत गेले. शेंगांनी भरलेलं सूप तसंच बाहेर राहिलं.

मला वाटलं, चला, पटलं त्यांना. त्यांनी उपचार वाढवले. झुलीखाली दुसरी झूल आली. ड्रायर दोन वेळा चालू झाला. पण तांबू दिवसेंदिवस बिघडतच गेली. आधी थोडं शेकलं की उठायची, आता शेकून शेकून ड्रायर तापून बंद पडला तरी हलेना. "म्हातारपण," अण्णा म्हणायचे, पण माझ्याकडे न बघता. त्यांचं ते बघणं टाळणं मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शनिवारी मला पहाटेच जाग आली. बाहेर बारीक पाऊस होता. खाली सुतळी सोडवल्याचा आवाज आला म्हणून मी गॅलरीत गेले आणि वाकून पाहिलं.

अण्णांनी दोन्ही झुली काढून घडी करून बाजूला ठेवल्या होत्या. बॉनेट सताड उघडं होतं. पाऊस थेट आत पडत होता, आणि अण्णा शेजारी स्वतः भिजत उभे होते. एक हात तांबूच्या टपावर होता.

"स्वल्प भीज गं," ते तिला सांगत होते. "स्वल्पच. मरत नाहीस. तो येणार आहे तुला बघायला. खोकलीस की जाईल परत. पाप आहे हे, ठाऊक आहे मला. जन्मभर एका जनावराला मुद्दाम आजारी पाडलं नाही मी."

पाऊस थोडा वाढला. त्यांनी टपावरचं पाणी हातानं निपटलं, जसं काही तिला थंडी वाजेल.

"पण तू गेलीस की ती पोरगी जिन्यावरून सरळ फाटकाबाहेर जाईल. 'अण्णा' म्हणून कशाला ओरडेल? बरं असताना डॉक्टरकडं कोण येतंय? कुणी नाही आलं अजून. मुलगा एवढ्या जवळ व्हाइटफील्डला राहतो. गोळ्या संपल्या की नाही विचारायला फोन करतो, तेही इंग्लिशमध्ये. आमची ही गेल्यापासून ह्या घरात माझ्याशी मराठीत कुणी भांडलं नव्हतं. तू अडलीस, तुझ्यापायी ती खाली आली. रोज सकाळी भांडते. छान भांडते."

मला आधी संताप आला. म्हणजे इतके दिवस हा खेळ चालला होता, आणि मी छत्री धरून भिजत होते! मग रडू आलं. मग रडू आल्याचा पुन्हा संताप आला. मी आत येऊन पलंगावर बसले आणि काय करायचं ते मला कळेना. प्रतीकला फोन करून येऊ नको म्हणावं असं वाटलं. तसा फोन हातात घेतलाही. पण तोपर्यंत 'निघालो' असा त्याचाच मेसेज आला होता.

तो आला तेव्हा पाऊस थांबला होता. बॉनेट बंद होतं, वर झूल नीट बांधलेली होती, आणि अण्णा व्हरांड्यात इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून बसले होते. मी आत बसून किल्ली फिरवली. खर्रर्र. पुन्हा फिरवली. खर्रर्र. तांबूनं अण्णांचं ऐकलं होतं.

प्रतीकचा चेहरा पडला. "इंजिनमध्येच काही असेल तर..." तो हिंदीत पुटपुटला. मग त्यानं गळ्यातला स्टेथोस्कोप पाहिला आणि का कोण जाणे, आदरानं अण्णांना विचारलं, "डॉक्टर साहब, क्या लगता है आपको?"

अण्णा उठले. गाडीपर्यंत आले. माझ्याकडे पाहिलं. मी रात्रभर झोपले नसल्यासारखी दिसत असणार.  कुणी 'डॉक्टर' म्हणून मत विचारलं की खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती, हा त्या माणसाचा दोष.

"गाडी कू कुछ नै हुआ," ते त्यांच्या बंगळुरी हिंदीत म्हणाले. "मैंच भिगाया."

"आपने? क्यों?"

"वो हमारे घर का मामला है."

प्रतीक माझ्याकडे बघायला लागला. मी तांबूच्या आरशात बघायला लागले. अण्णांनी बॉनेट उघडलं, खिशातून कोरडं फडकं काढलं, ते काळं टोपण काढून आतून पुसलं, वायरी एकेक करून पुसल्या. एकदाही स्टेथोस्कोप लावला नाही. मग शांतपणे, मास्तरला धडा म्हणून दाखवावा तसं प्रतीकला सांगितलं, की इथे तडा आहे, हे टोपण बदल, वायरी बदल, मग पावसात कधी अडणार नाही. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्यापासून.

"मार सेल्फ," ते मला म्हणाले.

तांबू पहिल्या फटक्यात सुरू झाली.

मी खाली उतरले आणि अण्णांना बाजूला घेऊन म्हटलं, "नाही विकत मी. राहू दे."

"शब्द दिलायस त्याला," अण्णा म्हणाले. "आणि बरी झालीय ती. बऱ्या जनावराला अडवून ठेवायचं नसतं." मग ते प्रतीककडे वळले आणि त्याची उलटतपासणी घेतली. छप्पर आहे का? आहे, तळघरातलं पार्किंग. ओल येते का तिथे? नाही येत. एकटी राहणार की अजून कुणी आहे? अजून दोन जुन्या गाड्या आहेत. हे ऐकून त्यांना जरा बरं वाटलं. सोबत आहे म्हणाले.

किल्ली देताना त्यांनी तिच्यातली कडी काढून घेतली. जनावर द्यावं, दावं देऊ नये, असा रिवाज आहे. प्रतीकला काहीच कळलं नाही, पण त्यानं किल्ली दोन्ही हातांनी घेतली. गाडी फाटकाबाहेर पडली, कोपऱ्यावर वळली. अण्णांनी झुली उचलल्या, पुन्हा घडी केली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. रविवारी ते दार उघडलं फक्त दुधासाठी.

सोमवारी सकाळी पुन्हा पाऊस होता. मेट्रोला निघायला मला पुष्कळ वेळ होता, कारण गाडी सुरू करायची नव्हती. मी आवरून जिना उतरले. फाटक समोर होतं. मी वळले आणि अण्णांचं दार वाजवलं.

आतून घाईघाईनं चपलांचा आवाज आला. अण्णांनी दार उघडलं. "काय झालं?"

"काही नाही."

"वर पाणी येत नाही?"

"येतंय."

"दिवे गेले? फ्यूज उडाला?"

"नाही."

"मग तुला बरं नाही. जीभ दाखव."

"मी ठणठणीत आहे, अण्णा. काही झालेलं नाही. निघायला वेळ आहे, म्हणून आले."

अण्णा दाराला धरून उभे राहिले. काहीही तक्रार नसलेल्या माणसाचं काय करायचं असतं, हे त्यांना आठवेना.

"काही झालं नसताना आलीस?"

"हो."

"नाश्ता केलास?"

"नाही."

"वाटलंच मला. शेवया खाऊन झोपली असशील. मालकीण कसली, गुरापेक्षा..." त्यांनी शिवी अर्धी गिळली, पण दारातून बाजूला झाले. समोरच्या खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीवर ते बसायचे. दुसरीवर जुन्या वर्तमानपत्रांचा छातीपर्यंत ढीग होता. ते त्याच्यापाशी गेले आणि एकेक गठ्ठा उचलून जमिनीवर ठेवायला लागले. मी मदतीला पुढे झाले तर हात वर करून त्यांनी मला थांबवलं. त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी लुंगीच्या टोकानं खुर्ची पुसली, हातानं दाबून पाहिली, आणि म्हणाले, "बस."